प्लॅस्टिकमधली पोच

पोलीस ठाण्यात त्याला सगळे मलम म्हणत. हे नाव एका जुन्या फौजदाराने ठेवलं होतं आणि कौतुकाने ठेवलं होतं. लोक ठाण्याची पायरी चढतात ती तावातावाने, शिव्याशाप देत. पण या हवालदाराच्या टेबलापाशी दहा मिनिटं बसले की गार होतात आणि ‘बरं, येतो दादा’ म्हणून निघून जातात. हे मलम नाही तर काय? त्यालाही नाव आवडायचं. बाकीच्यांच्या वाट्याला ढेऱ्या, घोरक्या असली नावं आलेली असताना आपल्याला औषधाचं नाव मिळालं, ही काही लहानसहान गोष्ट नव्हती.

त्याचं टेबल दारातून आत शिरल्याबरोबर पहिलं. ज्याची सायकल गेली, ज्याला शेजाऱ्याने मारलं, जिच्या अंगावर कुणी हात टाकला, ते सगळे आधी त्याच्यापुढे बसत. नियम असा की तक्रार मोठ्या नोंदवहीत शाईने लिहायची, पानावर छापलेला क्रमांक घालायचा आणि शिक्का मारून पोच द्यायची. मलमची रीत वेगळी होती. तो खणातून कच्ची वही काढायचा आणि पेन्सिलने लिहायचा. माणूस बोलेल तेवढं सगळं लिहायचा, मध्येच पाणी द्यायचा, ‘अरेरे’ म्हणायचा. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणायचा, “ताई, झालं ते वाईटच झालं. पण शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. एक आठवडा थांबा. मी वर कळवतो.” आणि एका कागदाच्या तुकड्यावर पेनाने एक आकडा, तारीख आणि आपली गोलमटोल सही करून तो तुकडा हातात ठेवायचा. त्याला शिक्का नसायचा. पण रडून आलेल्या माणसाला शिक्का कुठला दिसायला!

आठवड्याभरात जे परत आले नाहीत, त्यांना तो शनिवारी खोडरबराने पुसायचा. शंभरातले नव्वद यायचे नाहीत. मग मोठ्या नोंदवहीतला आकडा लहान राहायचा, साहेब खूश राहायचे आणि सर्वांत कमी गुन्ह्यांचं ठाणं म्हणून दरवर्षी मिळणारी ढाल भिंतीवर लागायची. लोकांच्या तोंडाला पानं पुसायचं हे काम अठरा वर्षं चाललं होतं, आणि मलमला ते समाजसेवेसारखं वाटत होतं. लोक रस्त्यात नमस्कार करत होते ना!

त्या दिवशी त्याची साप्ताहिक सुट्टी होती. तो आतल्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन लोळत पडला होता. बाहेरच्या खोलीत कुणीतरी मुलगी आली होती. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. घरोघर फिरून लोकांचा कशावर किती विश्वास आहे हे विचारायचं तिचं काम होतं.

“काकू, शून्य म्हणजे अजिबात नाही आणि पाच म्हणजे पूर्ण. शाळा?”

“चार.” बायकोचा आवाज.

“वर्तमानपत्रं?”

“एक. तोही हवामानापुरता.”

पेपराखाली मलमला हसू आलं. बायको त्याची फटकळ होती, पण फटकळपणाला धार कमी आणि गंमत जास्त असायची.

“धार्मिक संस्था? तुमच्या इथलं ते प्रार्थनागृह वगैरे?”

“पूर्वी पाच.” ती जरा थांबली. “आता शून्य लिही.”

मलमने पेपर तोंडावरून थोडा सरकवला. पिढीजात नेम असल्यासारखी ही बाई त्या प्रार्थनागृहात जायची. अलीकडे गुडघे दुखतात म्हणून जात नव्हती, एवढं त्याला माहीत होतं.

“पोलीस?”

“शून्य. त्याच्या खाली काही असतं का गं?”

“नाही काकू, शून्यच शेवटचं. बरं, गेल्या वर्षभरात घरात कुणाबाबत असं काही घडलं का, की ज्याची पोलिसांत तक्रार व्हायला हवी होती?”

“घडलं. मुलीबाबत.”

“तक्रार केलीत?”

“नाही.”

“का नाही? मी पर्याय वाचते. वेळ नव्हता, भीती वाटली, पोलीस ठाणं लांब आहे...”

“लांब कसलं,” बायको म्हणाली, आणि आता तिचा आवाज मुद्दाम चढलेला होता, भिंतीच्या अलीकडे पोहोचेल असा. “आतल्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन पडलंय.”

मग ती मुलगी हळूच म्हणाली, “मी ‘इतर कारण’ लिहिते,” आणि तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

तो बाहेर आला तेव्हा बायको वाळलेले कपडे घड्या घालत बसली होती. तिने मान वर केली नाही.

“काय झालंय तिला?” त्याने विचारलं.

“पाच महिने झाले. आज विचारताय.”

“अगं पण मला सांगितलं कुणी?”

“गायनमास्तर,” ती म्हणाली. “प्रार्थनागृहाचा. सराव संपल्यावर पेटी उचलून ठेवायला मदत कर म्हणाला आणि वाद्यांच्या खोलीची कडी आतून लावली. ही ओरडली, हाताला चावली, म्हणून सुटली.”

मलम खाली बसला. मुलगी एकवीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात कामाला, दहाव्या वर्षापासून प्रार्थनागृहाच्या गायनवृंदात गाणारी. पाच महिन्यांपूर्वी तिने गाणं बंद केलं होतं. घसा बसतो म्हणाली होती. त्याने तिला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितलं होतं आणि खोकल्याच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. गोळ्यांची पुडी अजून फळीवर तशीच पडली होती, फोडलेलीसुद्धा नव्हती.

“माझ्याकडे का नाही आली?”

“आली होती ना. दुसऱ्याच दिवशी. घरात बोलायची लाज वाटली म्हणून ठाण्यात आली. तिला वाटलं, तिथे बाबा पोलीस असतील.” बायकोने हातातला सदरा घडी न घालताच मांडीवर ठेवला. “बाकावर बसली होती. तिच्या पुढे एक आजोबा होते. त्यांना तुम्ही पाणी दिलंत, शहाण्याने पायरी चढू नये म्हणालात, चिठ्ठी दिलीत. ते हात जोडून गेले. आणि त्यांची पाठ वळली तशी तुम्ही वहीतलं मागलं कुठलंतरी पान काढून पुसायला लागलात. शनिवार होता. रबराचा भुगा फुंकरीने उडवलात, म्हणाली. मान वर केली असतीत तर समोर दिसली असती. ती उठून घरी आली.”

मलमच्या कानांत गरम पाणी ओतल्यासारखं झालं. पण ते तेवढ्यावर थांबलं नाही. वाद्यांची खोली. आतून कडी. हे त्याने आधी ऐकलं होतं, नव्हे, स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. चौदा महिन्यांपूर्वी बाजाराच्या तोंडाशी टपरीत इस्त्री करणारी बाई त्याच्यापुढे बसली होती. वृंदाचे गणवेश इस्त्री करून पोचवायला गेली तेव्हा तिला मास्तरने त्याच खोलीत कोंडलं होतं. मलमने सगळं नीट ऐकलं होतं. तिला पाणी दिलं होतं. मग प्रार्थनागृहाच्या प्रमुखांना फोन केला होता. ते फार मऊ आवाजात म्हणाले, संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे, मास्तरांना आम्ही आत बोलावून समज देतो. साहेबही त्याच प्रार्थनागृहात जाणारे. ते म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. इकडच्यांनी तिकडच्यांवर विश्वास टाकला, तिकडच्यांनी इकडच्यांवर, आणि पुढच्या शनिवारी मलमने पान पुसलं.

तेव्हा लिहिलं असतं तर? हा प्रश्न त्याला टाळता येईना. तेव्हा शाईने चार ओळी लिहिल्या असत्या, तर नऊ महिन्यांनी त्या खोलीत त्याची मुलगी नसती. इतकं सरळ होतं ते. लोक म्हणतात, जमिनीने पोटात घ्यावं असं वाटतं. मलमला तसंही वाटेना. जमिनीने तरी का घ्यावं आपल्याला, असं वाटलं.

दुपारी मुलगी जेवायला घरी आली. त्याने तिला सगळं सांगितलं. आपली गोष्ट सांगणं त्याला कधी जमत नसे, पण हे त्याने तिच्यापुढे उभं राहून सांगितलं, साहेबापुढे उभं राहावं तसं. इस्त्रीवाली, तो फोन, तो शनिवार, सगळं.

तिने शांतपणे विचारलं, “कधीची गोष्ट?”

“चौदा महिने झाले.”

तिने बोटांवर मोजलं. खरं तर मोजायची काही गरज नव्हती. “म्हणजे माझ्या आधी,” ती म्हणाली.

“हो.”

“बाबा, मी एकटी गेले तर सगळं प्रार्थनागृह त्याच्या बाजूने उभं राहील. म्हणतील, वीस वर्षांत कुणी कधी तक्रार केली नाही, हिचंच काहीतरी असेल.” तिने ताट पुढे ओढलं, पण घास घेतला नाही. “त्या बाई आल्या तर मी येते. त्या येतील का, ते तुम्ही बघा. लोकांची समजूत काढायला तुम्हाला येतंच.”

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती सहज बोलली.

इस्त्रीवालीची टपरी म्हणजे तीन बाजूंनी पत्रा, एक लांब फळी आणि वर लोंबणारी वायर. मलमला बघताच तिचा चेहरा असा उजळला की तो पायरीवरच अडखळला.

“दादा! बोलावणं आलं का?”

“कसलं?”

“असं काय करता? माझ्या तक्रारीचं!” तिने इस्त्री उभी केली, हात पुसले आणि खिळ्याला लटकवलेल्या कॅलेंडरमागून काहीतरी काढलं. त्याचीच चिठ्ठी होती ती. गोलमटोल सही, तारीख, आकडा. झेरॉक्सच्या दुकानात नेऊन तिने ती जाड प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतली होती, ओळखपत्र करतात तशी. “कागदाला वाफ लागते हो इथे. म्हटलं, सरकारी कागद, जपायला हवा.”

मलमला त्या चिठ्ठीला हात लावायचंही धैर्य झालं नाही.

“घरमालक म्हणतो, पलीकडच्या वस्तीत मोठी खोली देतो,” ती सांगत होती. “मी नाही म्हटलं. बोलावणं या पत्त्यावर येणार, आपण तिकडे गेलो म्हणजे? आणि परवा ती पाहणीवाली पोर आली होती, तुमच्याकडे आली का? मला विचारते, पोलिसांवर विश्वास किती? म्हटलं, पाचातले पाच लिही. इथे उभे असलेले सगळे हसले मला. मी ही काढून दाखवली. म्हटलं, लोक उगाच बोंबलतात. माझं काम चालू आहे, वेळ लागतो.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “तुमचा गणवेश येतो ना दादा, तो मी माझ्या पोरीला करू देत नाही. स्वतः करते.”

तो गणवेश त्याने काल अंगात घातला होता. आरशापुढे उभा राहून त्याची घडीही न्याहाळली होती.

“ताई,” तो म्हणाला, “तुमची तक्रार मी लिहिलीच नाही.”

“म्हणजे?”

“पेन्सिलने लिहिली होती. आठवड्याने पुसली. वर कुणालाही कळवलं नाही. कुठेच काही चालू नाही.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने चिठ्ठीकडे बघितलं. “मग हा आकडा?”

“मनानेच टाकला.”

“मनाने म्हणजे कसा? काहीतरी असेल ना. अकराशे सत्तावीस.”

मलमला खोटं बोलता आलं असतं. अठरा वर्षांचा सराव होता. “समोर घड्याळ होतं,” तो म्हणाला. “त्यात अकरा वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती.”

“मी पाठ केला होता तो,” ती म्हणाली. “चिठ्ठी हरवली तर असावा म्हणून.”

फळीवर एक अर्धवट सदरा होता. तिने इस्त्री उचलली, त्याची उरलेली कॉलर नीट केली, सदरा घडी घालून बाजूला ठेवला. तेवढ्या वेळात तिने एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही. मलम गिऱ्हाइकासारखा बाहेर उभा होता. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर त्याने उभ्याने झेलल्या असत्या.

“आज कशाला सांगायला आलात?” तिने विचारलं.

“माझ्या मुलीच्या बाबतीतही झालं. पाच महिन्यांपूर्वी.”

“तीच खोली?”

“तीच.”

“म्हणजे स्वतःच्या घरात लागलं तेव्हा कळ आली.”

“हो,” तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

तिने इस्त्रीचा प्लग काढला, फळीवरचे कपडे चादरीने झाकले आणि पायांत चपला घातल्या. “पोरीसाठी येते,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी नाही. आणि तुम्ही मागून चला.”

तो मागून चालला. त्याने फोन केला तशा वाटेत मुलगी आणि बायको येऊन मिळाल्या. त्या दोघी तिच्या दोन बाजूंना झाल्या आणि तिघी पुढे. बाजारात दोघातिघांनी सवयीने मलमला नमस्कार केला. त्याला तो घेता येईना आणि परतही करता येईना.

सुट्टीच्या दिवशी त्याच्या टेबलावर नवी फौजदार बाई बसायची. महिन्याभरापूर्वी बदलून आलेली, मोजकं बोलणारी. तिने दोघींचं ऐकून घेतलं आणि मोठी नोंदवही पुढे ओढली. मुलीचं लिहून झालं. मग ती इस्त्रीवालीकडे वळली.

“बाई, चौदा महिने झाले. उद्या समोरचा वकील पहिलं हेच विचारेल की इतके दिवस गप्प का होता. तेव्हा ठाण्यात आला होतात याला काही पुरावा?”

इस्त्रीवालीने प्लॅस्टिकमधली चिठ्ठी टेबलावर ठेवली.

फौजदार बाईने ती उलटसुलट करून बघितली. “ही आमची पोच नाही. शिक्का नाही, वहीचा क्रमांक नाही.” मग तिने आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. “हे अक्षर कुणाचं आहे?”

ठाण्यातलं प्रत्येक माणूस ते अक्षर ओळखत होतं. घोरक्याने पंख्याकडे बघितलं. ढेऱ्या एकदम फायली चाळायला लागला. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतून साहेब मानेने ‘नको’ म्हणत होते, अगदी बारीक, मित्राला म्हणावं तसं. मलम भिंतीजवळच्या बाकापाशी उभा होता. मुलगी पाच महिन्यांपूर्वी इथेच बसली असणार. इथून टेबलावरचं सगळं स्वच्छ दिसत होतं. वही, पेन्सिल, रबर, सगळं. त्याला हे अठरा वर्षांत माहीत नव्हतं, कारण तो या बाकावर कधी बसलाच नव्हता.

गप्प राहिलं तर चिठ्ठी म्हणजे कागदाचा कपटा. इस्त्रीवाली खोटी ठरेल आणि तिच्यामागे मुलगीही.

“माझं,” तो म्हणाला.

“जबाब द्याल?”

“देतो.”

साहेब दारात आले. “मलम, वेड लागलं का? घरदार आहे ना तुला?”

“घरदारच आलंय, साहेब,” बायको म्हणाली.

मलम टेबलापुढच्या खुर्चीवर बसला, जिथे लोक बसत तिथे. ती खुर्ची एका पायाने डुगडुगत होती. हेही त्याला माहीत नव्हतं. त्याने खणातली कच्ची वही काढायला सांगितली आणि कुठल्या पानावर काय काय होतं, जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. सांगता सांगता इतर लोक आठवायला लागले. सायकलवाला, ते आजोबा, एक शाळेची शिपाईण. पानं पुसून पुसून इतकी विरली होती की उलटताना एक फाटलं. फौजदार बाई लिहीत होती. तिने त्याला पाणी विचारलं नाही, आणि ते त्याला बरं वाटलं. शेवटी सही करताना त्याची ती गोलमटोल सही नीट येईना.

मग फौजदार बाईने दोन पोचपावत्या लिहिल्या, शिक्के मारले आणि एकेक दोघींच्या हातात दिली. मुलीने आपली घडी करून पर्समध्ये ठेवली. तिने बापाकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात माफी नव्हती, पण तिने बघितलं.

इस्त्रीवालीने आपली पोच दोन्ही हातांत धरली. क्रमांक वाचला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, परत क्रमांक वाचला. मग तिने अंगठा जिभेला लावून ओला केला आणि सगळ्यांच्या देखत त्या आकड्यावरून जोराने घासला. अंगठा उलटा करून बघितला. आणि परत घासला.